एमएस्सी फिजिक्सनंतर अणुसुरक्षा आणि अण्वस्त्रप्रसारबंदीत संशोधन: कुंपणाच्या आत की बाहेर?

तुमचा प्रश्न मला असा कळला. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात तुम्ही एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहात. अणुसुरक्षा आणि अण्वस्त्रप्रसारबंदी या विषयात संशोधन करायचं, विद्यापीठात शिकवायचं, असं मनात आहे. बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, निवड झाली नाही तर सगळं संपलं का, इंग्रजी बेताचं आहे ते आड येईल का, आणि बाबा म्हणतात तसं आधी बीएड करून ठेवावं का, हे तीन उपप्रश्न.

गावातून असलं काही होतं का, यावर फार वेळ घालवत नाही. होतं. मी वर्धा जिल्ह्यातल्या कास्तकाराच्या घरची. गॅमा स्पेक्ट्रोस्कोपीत पीएचडी केली, काही वर्षं युरोपात एका गटाबरोबर प्लुटोनियमच्या मोजमापावर काम केलं आणि आता परत वर्ध्याकडेच कॉलेजात शिकवते. माझं झालं म्हणून तुमचंही होईलच, असं मात्र म्हणणार नाही. गाइड कोण मिळतो, गेटचा स्कोअर किती येतो, घरी दोन-तीन वर्षं तुमच्या कमाईवाचून निभतं का, यावर बरंच अवलंबून आहे आणि त्यातलं काहीच मला इथून दिसत नाही.

तुम्ही विचारलेल्या तीन प्रश्नांच्या मुळाशी एक चौथा आहे, तो तुम्ही विचारलेला नाही. या क्षेत्रात अणुद्रव्याच्या जवळ जाऊन काम करणं आणि आपल्याला वाटतं ते मोकळेपणी लिहिणं, या दोन गोष्टी एका माणसाला एका वेळी क्वचितच मिळतात. अणुऊर्जा विभागाच्या कुंपणाच्या आत गेलात तर द्रव्य, उपकरणं, अनुभवी माणसं मिळतील. लिहिताना परवानगी लागेल. बाहेर राहिलात तर लेखणी मोकळी. पण युरेनियमचा स्पेक्ट्रम बहुधा दुसऱ्याने मोजलेलाच वापरावा लागेल. बीएआरसी की विद्यापीठ, भारत की परदेश, ही सगळी भांडणं शेवटी इथे येऊन थांबतात. हा निर्णय आजच घ्यायचा नाही, पण पीएचडीचा विषय निवडताना तो नकळत घेतला जातो. म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे.

आधी क्षेत्र काय आहे ते बघू, कारण नावावरून बहुतेकांना वाटतं की इथे करार, परराष्ट्र धोरण आणि भाषणं असतात. काम तीन प्रकारचं आहे. अणुभट्टीत अपघात होऊ नये, हे पहिलं. ते अभियंत्यांचं मोठं आणि वेगळं जग आहे, ते बाजूला ठेवू. दुसरं, कुणी चोरी किंवा घातपात करू नये; अणुसुरक्षा म्हणते आहे ती हीच. तिसरं, एखाद्या सरकारनेच वीजनिर्मितीसाठी घेतलेलं द्रव्य गुपचूप शस्त्रांकडे वळवू नये. या तिसऱ्या कामाला सेफगार्ड्‌स म्हणतात आणि ते व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे, म्हणजे १९५७ साली स्थापन झालेल्या आयएईएकडे आहे. दुसरं आणि तिसरं, दोन्ही कामं मुळात मोजमापाची आहेत. भौतिकशास्त्राच्या माणसाला इथे जागा आहे ती त्यामुळेच.

सेफगार्ड्‌सचं मोजमाप समजून घ्यायला तुम्हाला लांब जायची गरज नाही, जवळच्या जिनिंगमध्ये जा. क्विंटलभर कापूस आत गेला की साधारण ३४ किलो रुई आणि ६३-६४ किलो सरकी निघते, उरलेली घट. जिनिंगवाल्याला आपली नेहमीची घट पाठ असते. एखाद्या दिवशी ती वाढली, तर तो तीन गोष्टी तपासतो: काटा चुकला का, माल यंत्रात किंवा कोपऱ्यात अडकून राहिला का, की कुणी नेला. अणुइंधनाच्या कारखान्यातही हाच हिशेब चालतो. जेवढं आत आलं, जेवढं बाहेर गेलं, जेवढं शिल्लक आहे, यांचा मेळ घातल्यावर जी तफावत उरते तिला तिथे ‘मफ’ म्हणतात. तिचीही कारणं तीनच.

फरक आहे तो परिणामांत. आयएईएच्या हिशेबात ८ किलो प्लुटोनियम किंवा जास्त समृद्ध युरेनियममधलं २५ किलो युरेनियम-२३५ म्हणजे एक ‘सार्थ मात्रा’. एवढं द्रव्य गेलं तर एक बॉम्ब बनण्याची शक्यता नाकारता येत नाही. आता जपानच्या रोक्काशो इथल्या पुनर्प्रक्रिया कारखान्याचा, म्हणजे वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणाऱ्या कारखान्याचा, आराखडा बघा. वर्षाला ८०० टन वापरलेलं इंधन, म्हणजे जवळपास ८ टन प्लुटोनियम. मोजमापात नुसती एक टक्क्याची अनिश्चितता धरली तरी ८० किलो. दहा सार्थ मात्रा! कुणी चोरी केलेली नाही, सगळे प्रामाणिक आहेत, तरी निरीक्षकाला छातीठोकपणे ‘सगळं जागेवर आहे’ असं सांगता येत नाही. ही अनिश्चितता एक टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आणणं हे कुणाच्या तरी पीएचडीचं काम असतं. वर्तमानपत्रात त्याची ओळभरही बातमी येत नाही.

माल कोपऱ्यात अडकण्याचंही उदाहरण आहे. जपानमध्येच तोकाई इथल्या प्लुटोनियम इंधनाच्या कारखान्यात ग्लोव्ह बॉक्समध्ये साठत गेलेली भुकटी ७० किलोच्या आसपास पोचली होती; १९९४ मध्ये त्यावर मोठा गदारोळ झाला. आणि ब्रिटनच्या सेलाफिल्डमधलं २००५ चं प्रकरण तर मी दरवर्षी वर्गात सांगते. तिथल्या थॉर्प कारखान्यात एक नळी फुटून सुमारे ८३ घनमीटर द्रावण बाहेरच्या सुरक्षा-कोठीत गळत राहिलं. त्यात अंदाजे २२ टन युरेनियम आणि १६० किलो प्लुटोनियम होतं. कित्येक महिने ते लक्षात आलं नाही. हिशेबातली तफावत मात्र बोलत होती. शेवटी कॅमेरा आत घातल्यावर गळती दिसली. द्रव्य कुठे गेलं नव्हतं आणि बाहेर कुणाला इजाही झाली नाही. पण वहीतल्या तफावतीकडे गांभीर्याने बघणारा माणूस तिथे का लागतो, हे समजायला यापेक्षा चांगला धडा मला सापडलेला नाही.

आता दुसऱ्या कामाकडे, म्हणजे चोरी आणि हरवलेल्या द्रव्याकडे येऊ. इथे विदर्भाचा संबंध थेट आहे. बॉम्बचं द्रव्य आपल्या आसपास नाही, पण किरणोत्सारी सोर्स आहेत. कॅन्सरच्या उपचारात कोबाल्ट-६० वापरतात. वेल्डिंगची तपासणी करणारी पथकं इरिडियम-१९२ चा कॅमेरा घेऊन फिरतात. कोळशाच्या बोअरहोलमध्ये खडकाची घनता मोजायला आणि कागद, सिमेंट, औष्णिक वीज अशा उद्योगांत जाडी किंवा पातळी मोजायला छोटे सोर्स लागतात. यातला एखादा बेवारस होऊन भंगारात गेला की काय होतं, ते दिल्लीतल्या मायापुरीत २०१० साली दिसलं. दिल्ली विद्यापीठातलं वर्षानुवर्षं न वापरलेलं गॅमा सेल, म्हणजे कोबाल्टचे किरण नमुन्यांवर सोडणारं यंत्र, लिलावात भंगारवाल्याकडे गेलं, कामगारांनी ते उघडलं, कोबाल्टच्या कांड्या हातात घेतल्या. एक जण दगावला, अनेक जण भाजले. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली असंच झालं होतं. बंद पडलेल्या दवाखान्यातलं सिझियम-१३७ भंगारात गेलं आणि चार माणसं मेली. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. त्यांचं पोलाद भारतात भंगार वितळवून बनलेलं होतं. बुटीबोरी, हिंगणा, देवळीकडे पोलादाचे कारखाने आहेत, तिथे येणारं भंगारही कुठून कुठून येतं. तेव्हा ‘विदर्भात राहून या विषयावर काय करणार’ असं कुणी म्हटलं, तर भंगाराच्या गेटवर बसवायचा डिटेक्टर खोट्या गजराशिवाय कसा चालवावा, हा प्रश्न त्याला विचारा.

खोट्या गजराचा प्रश्न मला फार आवडतो, म्हणून थोडं रेंगाळते. किरणोत्सार पकडणारी कमान बंदरावर किंवा कारखान्याच्या दारात उभी केली की ती सगळ्यात जास्त वेळा निरपराध मालावर वाजते. आपण ज्याला नुसतं पोटॅश म्हणतो ते खत घ्या. नैसर्गिक पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतं आणि त्यामुळे एक ग्रॅम पोटॅशियम सेकंदाला साधारण ३१ विघटनं करतं. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या पोत्यात जवळपास २५ किलो पोटॅशियम. म्हणजे एका पोत्यात सेकंदाला पावणेआठ लाख विघटनं! माणसाला त्याने काही होत नाही, पण ट्रकभर पोती कमानीखालून गेली की यंत्र बोंबलतं. थायरॉइडवर आयोडीन-१३१ चा उपचार घेऊन आलेला रुग्णही असाच गजर वाजवतो. स्पेक्ट्रम बघितला तर ओळखता येतं: पोटॅशियमची रेषा १४६१ केईव्हीला (केईव्ही हे गॅमा किरणांची ऊर्जा मोजायचं एकक), सिझियमची ६६२ ला, कोबाल्टच्या दोन, ११७३ आणि १३३२ ला. खरी अडचण खालच्या टोकाला आहे. युरेनियम-२३५ ची ओळखीची रेषा १८५.७ केईव्हीला, आणि साध्या मातीत-दगडात असणाऱ्या रेडियम-२२६ ची १८६.२ ला. स्वस्तातल्या सोडियम आयोडाइड डिटेक्टरला या दोन्ही एकच दिसतात. महागड्या जर्मेनियमलाही त्या धड वेगळ्या करता येत नाहीत, इतर रेषांचा आधार घ्यावा लागतो.

आणि पार्श्वभूमी जागेप्रमाणे बदलते. तुमच्या यवतमाळ-अमरावतीकडचा काळा बेसाल्ट पोटॅशियम, थोरियम, युरेनियम यांच्या बाबतीत गरीब. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे ग्रॅनाइट आणि नाईस, तिथे हे प्रमाण वाढतं. चंद्रपूर-कोराडीच्या औष्णिक केंद्रांची राख हा आणखी वेगळा प्रकार. गाडीत डिटेक्टर ठेवून हरवलेला सोर्स शोधणाऱ्या पथकाला ही पार्श्वभूमी आधी माहीत असावी लागते, नाहीतर नागझिऱ्याच्या बाजूला गेल्यावर उगाच धावपळ. एका सोडियम आयोडाइड डिटेक्टरवर, जिओ-मॅपिंग आणि थोडं सांख्यिकी शिकून, यातून चांगला प्रबंध उभा राहतो. सिम्युलेशनसाठी गिअँट-४ आणि ओपनएमसी फुकट मिळतात. अमेरिकेच्या एमसीएनपीला परवाना लागतो आणि आपल्याला तो सहज मिळत नाही, त्याच्या मागे लागू नका.

थोडक्यात, या क्षेत्रात शिरायचं दार म्हणजे मोजमापाचं एखादं पक्कं कौशल्य: गॅमा स्पेक्ट्रोस्कोपी, न्यूट्रॉन मोजणी, सिम्युलेशन, रेडिओकेमिस्ट्री, नाहीतर भूकंपशास्त्र. ‘एमएस्सी नॉनप्रॉलिफरेशन’ अशी पदवी शोधत बसू नका. करार, कायदे, इतिहास हे त्या कौशल्यावर चढवायचं. उलट क्रमाने जाणारी हुशार माणसं मी बघितली आहेत. चर्चासत्रात छान बोलतात, पण ‘या उपकरणाने हे पकडता येईल का’ असं विचारलं की शेजारच्याकडे बघतात.

कुंपणाच्या आतला रस्ता. बीएआरसीचं ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून चालू आहे. गेटच्या स्कोअरवर किंवा त्यांच्या परीक्षेतून मुलाखतीला बोलावतात. एक वर्षाचं प्रशिक्षण, मग शास्त्रज्ञ म्हणून नेमणूक. एमएस्सीला ६० टक्के लागतात. वयाची अट कडक असते: खुल्या गटाला २६, ओबीसींना २९, एससी-एसटींना ३१, अशी राहत आली आहे, त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. किरणोत्सारी सोर्सवर नियमन करणारं एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, १९८३ पासून आहे. सोर्सची खरेदी, साठवण, सुरक्षा याचं सगळं नियमन तिथून चालतं, आणि त्या कामाला मुलं फारसं महत्त्व देत नाहीत, याचं मला आश्चर्य वाटतं. हरियाणात बहादूरगडजवळ जीसीएनईपी म्हणजे जागतिक अणुऊर्जा भागीदारी केंद्र आहे, तिथे अणुसुरक्षेची प्रशिक्षणं होतात. शिवाय नोकरी न धरता नुसती पीएचडी आत करता येते: होमी भाभा राष्ट्रीय संस्था २००५ पासून अभिमत विद्यापीठ आहे, नेट-जेआरएफ, गेट किंवा जेस्टमधून प्रवेश. ‘बीएआरसी झालं नाही तर संपलं का’ याचं एक उत्तर इथेच आहे. नोकरीची निवड आणि पीएचडीचा प्रवेश ही वेगळी दारं आहेत.

आत गेलं की काहीच छापता येत नाही, हा समज चूक आहे. ट्रॉम्बेच्या ध्रुव भट्टीजवळ, भट्टीतून बाहेर पडणारे अँटिन्यूट्रिनो कण पकडणारा इस्मरान नावाचा डिटेक्टर उभारला आहे. भट्टी चालू आहे का, आत इंधन कसं जळतं आहे, हे भिंतीबाहेरून ओळखण्याची ही कल्पना थेट सेफगार्ड्‌सशी जोडलेली आहे, आणि त्यावरचे शोधनिबंध खुलेआम प्रसिद्ध होतात. परवानगी घेऊन उपकरणावर हवं ते लिहा. देशाकडे प्लुटोनियमचा साठा किती, याचा अंदाज मात्र आत बसून छापता येणार नाही. ज्याला तेच लिहायचं आहे त्याने हे आधीच ओळखावं.

बाहेरचा रस्ता हा असा. १९७४ साली प्रिन्स्टनमध्ये फ्रँक फॉन हिप्पेल आणि हॅरॉल्ड फाइव्हसन यांनी शास्त्रज्ञांचा एक गट उभारला, जो अणुद्रव्याच्या प्रश्नांवर भौतिकशास्त्राने उत्तरं काढतो आणि ती सर्वांसमोर मांडतो. २००६ मध्ये विखंडनीय द्रव्यावर, म्हणजे बॉम्बला लागणाऱ्या प्लुटोनियम-युरेनियमवर, काम करणारं आंतरराष्ट्रीय विखंडनीय द्रव्य मंडळ स्थापन झालं; पुढे फॉन हिप्पेल यांच्याबरोबर त्याचे सहअध्यक्ष झाले जेएनयूचे आर. राजारामन. सैद्धांतिक भौतिकशास्त्रातला मोठा माणूस, विद्यापीठात शिकवणारा. त्या मंडळाने २००६ मध्येच दक्षिण आशियातल्या द्रव्यसाठ्यांवर अहवाल काढला, तो भारतीय आणि पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञांनी मिळून लिहिला होता. सगळा खुल्या माहितीवर: भट्टीची क्षमता, किती दिवस चालली, इंधन किती जळलं. हे गणित तुम्हाला आत्ताही करता येईल, एमएस्सीच्या न्यूक्लिअरच्या पेपरपलीकडे फार काही लागत नाही. १९९८ च्या पोखरण चाचण्यांच्या क्षमतेवरचा वादही बराचसा भूकंपमापकांच्या नोंदींवर झाला. भारतात बंगळुरूची एनआयएएस (राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था) आहे. अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा तिचे पहिले संचालक. तिथे शास्त्रज्ञ आणि धोरणाचे अभ्यासक एकत्र काम करतात. अशा जागा देशात मोजक्याच. हे कटू आहे पण खरं आहे.

परदेशात शिकायला पर्याय आहेत: लंडनचं किंग्ज कॉलेज, अमेरिकेतलं टेक्सास ए अँड एम विद्यापीठ. पण दोन अडथळे आधी जाणून घ्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांतल्या या विषयातल्या बऱ्याच जागांना त्यांचंच नागरिकत्व लागतं. आणि अणुविषयक अभ्यासाचा व्हिसा अर्ज वेगळ्या तपासणीत जाऊन महिनोन्‌महिने लटकू शकतो. युरोप त्या मानाने सोपा, मी तिकडे गेले त्यात हेही एक कारण होतं. मुलींसाठी आयएईएची मेरी स्कोलोडोव्स्का-क्युरी फेलोशिप २०२० पासून आहे. मास्टर्सच्या शिक्षणासाठी, आणि अणुसुरक्षा व प्रसारबंदी हे विषय त्यात बसतात. इटलीत त्रिएस्तला आयसीटीपी या भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात आयएईएबरोबर अणुसुरक्षेची शाळा भरते, निवड झाली तर विकसनशील देशांतल्यांना खर्चाची मदत मिळते. पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिथे अर्ज कराच. तिथे भेटलेली माणसं पुढे पेपर तपासणारे, शिफारसपत्र देणारे होतात. महाराष्ट्र शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्या तुमच्या प्रवर्गाला लागू आहेत का तेही बघा.

आयएईएत नोकरी? भारत तिचा संस्थापक सदस्य आहे, त्यामुळे अर्ज करता येतो. पण तिथल्या बहुतेक व्यावसायिक नेमणुका साधारण सात वर्षांच्या वर जात नाहीत. चाळिशीत परत यायचं कुठे, याचं उत्तर असेल तर जरूर जा. अणुचाचणीबंदी करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे त्या कराराच्या व्हिएन्नातल्या संघटनेवर भिस्त ठेवू नका.

इथे एक अवांतर सांगते. भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावरही सही केलेली नाही; १९७० पासून लागू असलेला हा करार भेदभावाचा आहे, ही आपली जुनी भूमिका. अणुपुरवठादार देशांच्या गटाने २००८ मध्ये अणुव्यापारासाठी दिलेली सूट, २००९ पासून लागू झालेला आयएईएबरोबरचा करार, हे सगळं त्या भूमिकेला धक्का न लावता झालं. याचा तुमच्या करिअरशी संबंध असा की तुमच्याकडे दोन्हीकडून संशयाने बघितलं जाईल. इथे म्हणतील, ही बाहेरच्यांची भाषा बोलते. तिकडे पहिल्याच जेवणात कुणीतरी १९७४ च्या पोखरण स्फोटासाठीचं प्लुटोनियम कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिलेल्या भट्टीतून आलं, हे तुम्हाला ऐकवेल. दोन्हीकडे माझा उपाय एकच: आकडा सांगायचा आणि त्याची अनिश्चितता सांगायची. करार न्याय्य आहे की नाही यावर मला मत आहे, पण स्पेक्ट्रमच्या पेपरात ते घालत नाही.

आता घरचा प्रश्न, कारण खरं घोडं इथेच अडतं. बाबा बीएड म्हणतात त्यात चूक काही नाही. त्यांनी पऱ्हाटीच्या भरवशावर घर चालवलं आहे, त्यांना महिन्याचा पगार दिसायला हवा. पण बीएडला दोन वर्षं जातात आणि पुढे संस्थेत जागेसाठी काय मागतात, ते तुमच्या तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. नेट-सेट करून सिनिअर कॉलेजात आलात तरी सुरुवात बहुधा सीएचबीवरच, म्हणजे तासिका तत्त्वावर, होईल, तासांचे पैसे महिनोन्‌महिने उशिरा. त्यामुळे जेआरएफला जीव तोडा. सुरुवातीला महिन्याला ३७ हजार आणि वर घरभाडं, पाच वर्षांपर्यंत; घरच्यांना समजावायला यापेक्षा बरा मुद्दा नाही. जेआरएफ नाही मिळाली तर बार्टी, सारथी, टीआरटीआय किंवा नागपूरचं मुख्यालय असलेली महाज्योती, या राज्य शासनाच्या संस्थांपैकी जी तुमच्या प्रवर्गाला लागू आहे तिच्या पीएचडी फेलोशिपची जाहिरात बघत राहा. पैसा कधी येईल यावर मात्र घरखर्च बांधू नका.

आणि हाताशी पर्याय ठेवायचाच असेल तर बीएडऐवजी बीएआरसीतला रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा सुचवेन. रेडिओथेरपी देणाऱ्या रुग्णालयाला मेडिकल फिजिसिस्ट आणि रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर ठेवावाच लागतो. नागपूर, सेवाग्राम इथे अशी केंद्रं आहेत. नोकरी मिळते, आणि ती या विषयापासून लांब नाही. ज्या कोबाल्टबद्दल मी वर लिहिलं, त्याची किल्ली अशाच माणसाकडे असते. तिथून पुढे सोर्स-सुरक्षेवर पीएचडी केलेले लोक आहेत. नागपुरात एनडीआरएफची अकादमीही आहे, आपत्तीत किरणोत्सार हाताळण्याचं प्रशिक्षण हा तिच्या कामाचा भाग. स्थानिक पातळीवर बरोबर काम करायला ती उपयोगी ठरू शकते.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. या क्षेत्रातलं लेखन रुक्ष आणि ठरावीक साच्याचं असतं. आयएईएची कागदपत्रं फुकट आहेत. त्यांचे ऑनलाइन अभ्यासक्रमही फुकट आहेत. रोज दोन पानं वाचून पाच ओळींचा सारांश लिहा. वर्षभरात फरक पडतो. बोलणं त्यानंतर येतं, तेही तोडकंमोडकं चालतं. जपानी आणि ब्राझिलियन सहकाऱ्यांचं इंग्रजी ऐकलंत तर धीर येईल.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. उत्साहात डिटेक्टर घेऊन कुठल्याही अणु-आस्थापनेच्या किंवा लष्करी हद्दीच्या आसपास जाऊ नका. औष्णिक केंद्राची राख, खाण, कारखान्याचं भंगार, कशाचंही मोजमाप करायचं तर गाइडच्या सहीने लेखी परवानगी घ्या. भंगारात काही संशयास्पद दिसलं, गजर वाजला, तर हात न लावता मागे या, पोलिसांना आणि एईआरबीला कळवा. पेपरसाठी नमुना घ्यायचा मोह नको. आणि परदेशातून अनोळखी ईमेलवर ‘तुमच्या भागातली माहिती गोळा करून द्या, मानधन देऊ’ असं आलं तर उत्तरही देऊ नका. विषय असा आहे की चांगल्या हेतूने केलेली गोष्टही नंतर समजावून सांगताना नाकीनऊ येतात.

मी तुमच्या जागी असते तर या वर्षी गेट आणि नेट दोन्ही दिली असती, बीएआरसीची जाहिरात आली की अर्ज केला असता, आणि निकालाची वाट बघताना पोटॅशच्या पोत्याचं वर दिलेलं गणित उलगडून, डिटेक्टर दोन मीटरवर असेल तर किती गजर वाजेल, हे गिअँट-४ मध्ये करून पाहिलं असतं. तेवढं जमलं तर विद्यापीठात गाइडकडे रिकाम्या हाताने जावं लागत नाही.

पुढचं नेमकं सांगायला मला दोन गोष्टी हव्यात: एमएस्सीला तुमचं स्पेशलायझेशन काय आहे, आणि तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये चालू स्थितीतला सोडियम आयोडाइड डिटेक्टर आणि मल्टिचॅनल अॅनलायझर आहे का, की फक्त जीएम काउंटर. ते कळवा, म्हणजे प्रोजेक्टचा विषय आणि अर्ज कुठल्या गाइडकडे करावा, यावर बोलू.